तिसऱ्या रांगेतला पहिला प्रश्न

ऐका, मध्ये कोणी बोलायचं नाही. एकदा थांबले की मला परत पहिल्यापासून सांगावं लागतं.

तर, कवी लिफ्टमध्ये अडकले.

सहाला दहा मिनिटं कमी होती. वर तिसऱ्या मजल्यावर आमच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं येऊन बसलेली, आणि ज्यांच्या कविता ऐकायला ती आली होती ते पंचाहत्तरीचे कवी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध लटकलेले. दाराच्या फटीतून त्यांचं टक्कल तेवढं दिसत होतं.

"सर, घाबरू नका हं!" मी फटीत तोंड घालून ओरडले.

"मी घाबरलो नाहीये," आतून शांत आवाज आला. "माझा चष्मा खाली पडलाय. आणि मला वाटतं, मी त्याच्यावर उभा आहे."

मी इकडे रडकुंडीला आलेली. तेवढ्यात जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली, खांद्याला हत्यारांची पिशवी लावलेला एक माणूस दोन-दोन पायऱ्या चढत आला आणि मला म्हणाला, "बाजूला व्हा."

मॅडम नाही, प्लीज नाही, काही नाही. बाजूला व्हा! आणि मी झाले पण. मी! जी काकांचंसुद्धा ऐकत नाही!

तो सरळ वर गच्चीवरच्या मशीनपाशी गेला. तिथे काय केलं कोण जाणे, पण लिफ्ट एकेक बोट वर यायला लागली. आधी टक्कल, मग कपाळ, मग नाक, मग हसणारे कवी. तोवर तो खाली आलेला. त्याने त्यांना हात देऊन असं अलगद बाहेर घेतलं, जसं काही काचेचं भांडं उतरवतोय. त्याच्या डाव्या भुवईवर ग्रीसचा एक पट्टा होता. जवळून गेला तेव्हा ग्रीसचा वास आला, आणि त्याच्या खाली साबणाचा...

हसताय काय? वास येतो तर सांगू नको?

आता माझं काम काय ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खाली पुस्तकांचं दुकान, वर हॉल, दोन्ही काकांचं. काका म्हणजे आमचे मालक, नात्याने कोणी नाहीत, पण सगळं गाव त्यांना काकाच म्हणतं. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे कोणीतरी लेखक येऊन वाचतो. लेखकांना आणणं, खुर्च्या मांडणं, माईक फिरवणं, पाणी, कॉफी, सगळं मी. आणि अजून एक काम, जे बाहेर कोणाला माहीत नाही. पहिला प्रश्न.

तुम्ही कधी अशा कार्यक्रमाला गेलात का? वाचन संपतं, टाळ्या होतात, आणि मग मी म्हणते, "कोणाला काही विचारायचंय?" आणि मग जी शांतता पसरते ना... माणसं एकदम आपापले बूट बघायला लागतात. लेखकाचा चेहरा पडायला लागतो. पण एकाने विचारलं की दहा जण विचारतात. म्हणून पहिला प्रश्न मी आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवते आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेली माझी आत्या तो उठून विचारते. सहा वर्षं! आत्या गणिताची शिक्षिका, तिला कुणाची भीती नाही. फक्त बोलते भयंकर भरभर, म्हणून मी प्रत्येक चिठ्ठीच्या खाली तिच्यासाठी लिहिते: घाई नको.

आणि त्याच आठवड्यात आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

म्हणजे बघा, कवी चष्म्याशिवाय बसलेत. सगळ्या कविता पाठ म्हणून दाखवताहेत, बिचारे. वाचन संपत आलंय. माझ्या हातात चिठ्ठी, आणि आत्याच्या खुर्चीवर कोण? तर तो. लिफ्टवाला!

"तुम्ही अजून इथे?" मी वाकून कुजबुजले.

"थांबावं लागेल. ते खाली कसे जाणार? परत अडकली तर?"

"मग एक काम करा. मी प्रश्न विचारा म्हटलं की हे वाचायचं. उभं राहून."

"मी?"

"तुम्ही मला बाजूला व्हा म्हणालात, मी झाले. आता मी सांगते ते करा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग चिठ्ठीकडे. मग परत माझ्याकडे. आणि उभा राहिला. त्याचा आवाज काही वाचणाऱ्याचा नाही हो, खालचा आहे. एकेक शब्द असा, जसा एकेक स्क्रू नीट बसलाय ना ते बघतोय.

"तुमच्या कवितेतली शेवटची ओळ... आधी सुचते... की शेवटी?" आणि मग श्वास घेऊन, "घाई नको."

मी डोळे मिटून घेतले. मेले!

कवींना चष्म्याशिवाय तिसरी रांग म्हणजे नुसतं धुकं. ते आवाजाच्या दिशेने बघत राहिले. मग खिशातून रुमाल काढला.

"चाळीस वर्षं लोक मला एकच विचारतात," ते म्हणाले, "पुढचा संग्रह कधी. आज पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, घाई नको."

टाळ्या! अहो, काय टाळ्या! आणि ते मग अर्धा तास बोलले, आईबद्दल, पहिल्या कवितेबद्दल, फाडून टाकलेल्या वह्यांबद्दल. लोक माना वळवून वळवून तिसऱ्या रांगेकडे बघत होते, हा कोण मोठा जाणकार आलाय म्हणून. आणि मी शेवटच्या भिंतीला टेकून उभी. हसू की रडू, कळेना.

नंतर त्याला जिन्यात गाठलं. "अहो, ते शेवटचं वाचायचं नव्हतं!"

"लिहिलं होतं की."

"ती सूचना होती!"

"मग लाल शाईत लिहायची," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "आमच्याकडे सूचना लाल असतात. नाहीतर माणसं मरतात."

आणि गेला.

पुढच्या गुरुवारी मी खुर्च्या मांडत होते, तर हा दारात. स्वच्छ शर्ट, भुवई पुसलेली.

"लिफ्ट बिघडली?" मी घाबरून विचारलं.

"नाही."

"मग?"

"तपासायला आलो."

"काय तपासायला?"

"बिघडली नाहीये ना, ते."

आणि जाऊन तिसऱ्या रांगेत कडेला बसला, आणि वळून, काही न बोलता, माझ्यापुढे हात पसरला. चिठ्ठीसाठी. मी दिली. सूचना लाल शाईत.

तेव्हापासून दर गुरुवारी. आत्याचा गुडघा बरा व्हायला अडीच महिने लागणार होते, त्यामुळे मला तर देव पावला. पण मनात एकच घोळ सुरू झाला. हा येतो कशाला? लिफ्ट ठणठणीत. कॉफीसाठी म्हणावं तर दोन कप पितो खरा, पण आमची कॉफी काही तशी नाही, तुम्ही प्यायलाय. टाळ्यांसाठी? त्याला लोक वाट सोडायला लागले होते हं. एका कवयित्रीने तर त्याला आपलं हस्तलिखित वाचायला दिलं! की पुस्तकांसाठी? कारण दर वेळी ज्याचं वाचन त्याचं पुस्तक विकत घ्यायचा आणि पुढच्या गुरुवारपर्यंत वाचून यायचा. की मग...

तो 'की मग' मी आत्यापुढे काढला. आत्या पाय उशीवर ठेवून खोलीचा कारभार बघत होती.

"लिफ्ट दुरुस्त करणारा दर गुरुवारी येतो," आत्या म्हणाली, "आणि लिफ्ट दुरुस्तच आहे. चिमे, यात अवघड काय आहे?"

"आत्या, सगळं काही गणित नसतं."

"नसतं. पण तुझी बेरीज चुकते, हे मी तू चौथीत होतीस तेव्हापासून बघतेय."

"त्याला लोकांनी मान दिलेला आवडत असेल."

"असेल."

"पुस्तकं आवडत असतील."

"असतील. मग त्यालाच विचार की. जगाला प्रश्न लिहून देतेस, एक स्वतःसाठी लिही."

बोलणं सोपं असतं. तुम्ही विचारलं असतं? हं, बघा.

आणि मग तो पाचवा गुरुवार. मी कपाटाच्या वरच्या फळीवरून कप काढत होते, एक निसटला, त्याने तो हवेतच झेलला, आणि मी हसले. तर हा कप हातात धरून, माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाला, "तुम्ही हसलात की... बंद खोलीची खिडकी कोणीतरी उघडल्यासारखं वाटतं."

अगं बाई! मी त्या दिवशी दोन लेखकांची नावं उलटीपालटी केली. एका कादंबरीकाराला म्हणाले, तुमच्या कविता फार छान. घरी चालत गेले की उडत, आठवत नाही.

आणि सकाळी दुकानात सहज, अगदी सहज, आदल्या आठवड्याचा कथासंग्रह चाळायला घेतला. पान एकेचाळीस. वरून सहावी ओळ. 'ती हसली की बंद खोलीची खिडकी कोणीतरी उघडल्यासारखं वाटे.'

असा राग आला म्हणता!

पुढच्या गुरुवारी तो आल्या आल्या मी फक्त म्हणाले, "पान एकेचाळीस."

कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "तुम्ही... सगळी वाचता?"

"मी पुस्तकांच्या दुकानात काम करते!"

"मला वाटलं, तुम्हाला पुस्तकातलं आवडतं."

"आवडतं. पुस्तकात."

"म्हणजे माणसाने—"

"म्हणजे ते मला म्हणायचं होतं, की नुसतं कोणावर तरी म्हणून बघत होतात?"

त्याने तोंड उघडलं. आणि खालून काका ओरडले, "पोरी, पाहुणे आले गं!" संपलं. पाहुण्यांना घेऊन वर येते तर हा तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेला, आणि मी चिठ्ठी देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, लागली म्हणजे जरा जास्त वेळ लागली, की मलाच तसं वाटलं? आता हे कोणाला विचारणार?

आणि नेमकी त्याच दिवशी बाई आली होती.

बाई म्हणजे ती कादंबरीकार. तुम्ही फोटो पाहिलाय. पस्तिशीची, कपाळावर एकच पांढरी बट, आणि आवाज असा की फोनवर वेळ सांगितली तरी माणूस वही काढेल. ती नुसती ऐकायला आली होती, चौथ्या रांगेत, बरोब्बर त्याच्या मागे. दुसऱ्या दिवशी काकांना फोन. नव्या कादंबरीचा पहिला कार्यक्रम तुमच्याकडे करते. पण स्टेजवर माझी मुलाखत घ्यायला मला प्राध्यापक नको, समीक्षक नको. तो तिसऱ्या रांगेतला माणूस पाहिजे.

"अहो बाई, तो लिफ्ट दुरुस्त करतो," काका म्हणाले.

"म्हणूनच," बाई म्हणाली.

काका खुर्चीवरून उठलेच. एवढी मोठी लेखिका आमच्याकडे! "तू लिहून दे, तो वाचेल," ते मला म्हणाले. "सहा वर्षं आत्या वाचते, तेव्हा कुठे आभाळ कोसळलं?"

मला वाटलं तो नाहीच म्हणेल. तो तेव्हा आमच्याच जिन्यात लिफ्टच्या दाराची पट्टी बसवत होता, खरंच कामाला आलेला. मी सांगितलं. त्याने पक्कडसुद्धा खाली ठेवली नाही.

"प्रश्न तुम्ही देणार?"

"हो. पण सव्वाशे माणसं असतील. दीड तास. स्टेजवर!"

"सराव करावा लागेल ना?"

"लागेल म्हणजे काय! रोज लागेल."

"रोज," तो म्हणाला. "मग करतो."

आता तुम्हाला कळलं असेल. तुम्ही शहाण्या. मला मेलीला काही कळलं नाही. मला एवढंच कळलं की बाईचं नाव काढलं आणि हा पटकन हो म्हणाला.

चौदा दिवस सराव. संध्याकाळी पाच ते सहा, रिकाम्या हॉलमध्ये. स्टेजवर दोन खुर्च्या. एका खुर्चीत तो, समोर मी. मी बाई व्हायचं.

"आता मी लेखिका आहे," पहिल्या दिवशी मी म्हणाले. "कागदात बघू नका. माझ्याकडे बघून विचारा."

त्याने बघितलं. खिडकीतून तिरकं ऊन येत होतं, त्याचा अर्धा चेहरा उजेडात. त्याने काहीतरी विचारलं. मग थांबला. मग परत थांबला.

"उत्तर?" तो म्हणाला.

"हं?"

"मी प्रश्न विचारला."

"हो हो. चांगला प्रश्न आहे."

"तुमचाच आहे."

"म्हणूनच म्हटलं!"

तो हसला. तो हसला की डावीकडचा एक दात जरासा वाकडा दिसतो, आणि मग माणसाला पुढचं काही... असो. चौदा दिवसांत मी कादंबरीतल्या नायिकेच्या दुःखावर एकोणीस प्रश्न लिहिले, आणि एकदाही तिच्या दुःखाचा विचार केला नाही.

मधेच त्याचा फोन वाजायचा. बाई! हा उठून खिडकीपाशी जायचा, हळू बोलायचा. एकदा तर खो खो हसला. मी इकडे खुर्ची मिटत होते, ती माझ्या बोटावरच मिटली.

"काय म्हणत होत्या?" मी बोट तोंडात घालून विचारलं.

"त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट चौथ्या मजल्यावर उगाचच थांबते म्हणे. म्हटलं, तिथे कोणीतरी आवडत असेल तिला."

"लिफ्टला?"

"हो."

"असं बोलता तुम्ही त्यांच्याशी?"

"का? कुठल्या पानावर आहे?"

बघा! आता हे काय समजायचं? हे चिडवणं होतं, की राग, की गंमत? आणि असं सुचतं माणसाला, स्वतःचं, तर ते तिला? मला एकेचाळीस नंबरचं पान, आणि तिला ताजं?

आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, "मला काठीने चालायची परवानगी मिळालीय. रविवारी बाईच्या कार्यक्रमाला मी येणार. मला हा मुलगा बघायचाय."

"तो बाईसाठी करतोय सगळं."

"बरं."

"बरं काय?"

"तू उत्तर आधी लिहिलंयस, चिमे. आता त्याला जुळेल अशी रीत शोधतेयस. मुलं परीक्षेत असंच करतात."

रविवार. सकाळचे अकरा. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, भिंतीलाही माणसं. आत्या काठीसकट तिसऱ्या रांगेत आपल्या जागी. स्टेजवर निळ्या कपड्यातली बाई, आणि हा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कागद मांडीवर. मी मागे, माईक हातात घेऊन.

पण काय छान चाललं होतं! पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा... लाल शाईतलं एकही अक्षर वाचलं नाही त्याने. बाई खुलत होती, लोक माना डोलवत होते. आणि मी कशी माणूस आहे बघा. प्रत्येक टाळीला मला आनंद होत होता की माझा प्रश्न किती चांगला, आणि लगेच चीड येत होती, की माझ्याच प्रश्नावर ती त्याच्याकडे अशी बघतेय.

नववा प्रश्न झाला. बाईने उत्तर दिलं नाही. तिने पुस्तक मिटलं आणि त्याच्याकडे झुकून म्हणाली, "आता मी विचारते. शेवटच्या प्रकरणात माझी नायिका त्याच्या घरी जाते. पाचव्या मजल्यावर. लिफ्ट चालू असताना ती जिन्याने जाते. तुम्हाला काय वाटलं? का?"

हे कागदावर नव्हतं. याचा सराव नव्हता!

त्याने कागद बघितले. एक उलटला, दुसरा उलटला. मी तिथून ओठ हलवून काहीतरी सांगायला बघत होते, पण सांगणार काय? मलाच माहीत नव्हतं. मी दोनदा वाचलं होतं पुस्तक. मला तो जिना दिसलाच नव्हता.

"मला पुस्तकातलं फार कळत नाही," तो म्हणाला. अगदी खालच्या आवाजात. "पण लिफ्टमध्ये एकदा बटण दाबलं की दाबलं. मग ती नेते. जिन्यात प्रत्येक मजल्यावर माणसाला परत फिरता येतं. मला वाटतं, तिला दर मजल्यावर स्वतःला विचारायचं होतं, अजून जायचंय का. आणि... पाचही वेळा हो आलं असणार. म्हणून पोचली."

बाईने मिटलेलं पुस्तक परत उघडून ते पान शोधलं.

"दोन वर्षं लिहीत होते मी हे," ती शेवटी म्हणाली. "मलाच माहीत नव्हतं ती जिन्याने का गेली."

आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत हा घाईघाईने म्हणाला, "एवढंच माझं आहे हं. बाकीचे सगळे प्रश्न त्यांचे. त्या मागे उभ्या आहेत ना, माईकवाल्या. दर गुरुवारचे पण."

सव्वाशे माना गर्रकन मागे वळल्या. काकांनी कपाळाला हात लावला. आणि मी काय करावं? माझ्या तोंडापाशी माईक होता, तर मी त्यात म्हणाले, "नमस्कार."

हसा, हसा. सगळा हॉल हसला, तुम्ही का नको? बाई तर टाळ्या वाजवायला लागली. म्हणाली, असे प्रश्न लिहिणारी पाहिजेच. आणि मग कार्यक्रम संपता संपता तिने माईक हातात घेतला आणि बॉम्ब टाकला. कादंबरीचे पुढचे कार्यक्रम सहा शहरांत आहेत. दोन महिने. "यांनी माझ्याबरोबर यावं, स्टेजवर, असंच. येणार ना?"

तो माझ्याकडे बघत होता. एवढ्या माणसांतून, सरळ माझ्याकडे.

आणि मी टाळ्या वाजवल्या.

का वाजवल्या? मला काय माहीत! सगळे वाजवत होते! माझ्या हातांनी वाजवल्या, मी नाही. आणि त्याचा चेहरा असा झाला... जसा प्रश्न विचारायला कोणीच उठलं नाही की लेखकांचा होतो तसा.

लोक खाली गेले, दुकानात, बाईच्या सह्या घ्यायला. आत्या काठी टेकत माझ्यापाशी आली. "मुलगा बघितला," म्हणाली. "मी लिफ्टने जाते. तू आवरून ये." आणि दारातून वळून, "सावकाश आवर."

मी खुर्च्या मिटायला लागले. खटाक, खटाक. एक रांग झाली, दुसरी झाली. तिसऱ्या रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून पण आवाज यायला लागला. खटाक. मी वर बघितलं नाही.

"छान संधी आहे," मी खुर्चीला म्हणाले.

"हो." खटाक.

"सहा शहरं."

"हो."

"जायला पाहिजे तुम्ही. लोक मागे लागतात अशा गोष्टींच्या."

"तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

"मग काय रडायला पाहिजे होतं?"

खटाक झालं नाही. तो थांबला होता. "त्यांना नाही म्हणून आलो," तो म्हणाला.

"का?"

"तिकडे लिफ्ट दुरुस्त करणारे असतील की दुसरे."

"अहो, पण तुम्ही मुलाखतीला तर लगेच हो म्हणाला होतात! पक्कडसुद्धा खाली ठेवली नाहीत. तेव्हा बाईंचं नाव ऐकून—"

"तुम्ही म्हणालात, सराव रोज लागेल."

"मग?"

"मग काय. रोज." त्याने मान खाजवली. "आधी नुसता गुरुवार होता."

मी खुर्ची हातात धरून उभी. मिटायची का उघडायची तेच विसरले. म्हणजे चौदा दिवस मी समोर बसून, बाई होऊन... आणि तो... अरे देवा, आणि आत्या!

"मला नीट येत नाही बोलायला," तो म्हणाला. "पुस्तकातलं म्हणून बघितलं, तुम्हाला राग आला. स्वतःचं म्हणायला जातो तर... म्हणजे, मी रोज आलो तर चालेल का? गुरुवार सोडून पण. इथे नाही, म्हणजे इथे पण. तुमच्या घरी. आत्यांना भेटायला... नाही, आत्यांना नाही. त्यांना पण, पण मुख्य म्हणजे..." तो थांबला. घाम पुसला. "तुम्ही लिहिता तेव्हा पेन गालाला लावून ठेवता आणि मग दिवसभर गालावर शाईची रेघ असते. कोणी सांगत नाही तुम्हाला. मी पण नाही सांगितलं. नऊ आठवडे. सांगितलं तर पुसाल म्हणून."

माझा हात आपोआप गालाकडे गेला.

"आज उजवीकडे आहे," तो म्हणाला.

मी खाली बसले. त्याच खुर्चीवर, जी मी मिटणार होते. तो पण शेजारच्या खुर्चीवर बसला. समोर रिकामं स्टेज, दोन खुर्च्या, अर्धा ग्लास पाणी. आम्ही दोघं असे बसलेलो, जसं काही आता कोणीतरी वाचायला येणार आहे.

"हो," मी म्हणाले.

"हो म्हणजे, चालेल?"

"हो."

"रोज?"

"हो म्हणतेय ना! अजून किती वेळा?"

"एकदा पुरे," तो म्हणाला, पण त्याला काही ते पटलेलं दिसलं नाही. त्याचा हात खुर्चीच्या कडेवरून इकडे आला, का माझा तिकडे गेला, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. खरबरीत हात आहे त्याचा. गरम.

"आता काय करायचं असतं?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत. पुस्तकात इथे प्रकरण संपतं."

खालून काकांचा आवाज आला, "पोरी, झालं का आवरून?" मी ओरडले, "होतंय!"

एकतीस खुर्च्या उरल्या होत्या. एरवी मी एकटी पाच मिनिटांत उडवते. त्या दिवशी आम्हा दोघांना एक तास लागला. एका हाताने खुर्ची मिटत नाही हो, घरी करून बघा. आणि दुसरा हात सोडायला दोघांतलं कोणीच तयार नव्हतं.